डांगराच्या केकचा मसाला

मागच्या वर्षी नवरात्राच्या चार दिवस आधी गंगापूर रोडच्या एका ताईंचा फोन आला. अकरा वर्षं अमेरिकेत राहून त्या नुकत्याच नाशिकला परतल्या होत्या. मी घरून केक आणि नानकटाई करून देते, हे त्यांना कुणाकडून तरी कळलेलं. त्यांना डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, लोफ (पावासारखा लांबट केक) हवा होता आणि त्यात "तिकडचाच मसाला" हवा होता. "माझी दोन्ही मुलं तिथेच जन्मली. ऑक्टोबर म्हटलं की त्यांना तोच वास आठवतो," त्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. डांगराची भीती नव्हती. आमच्या घरी घाऱ्या होतात, बाकरभाजी होते. मसाल्याची मात्र मला काहीच कल्पना नव्हती.

त्याला पंपकिन पाय स्पाइस म्हणतात. नावात भोपळा असला तरी मसाल्यात भोपळा नसतो, भोपळ्यात घालायचा म्हणून ते नाव. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस, एवढ्या पाचच वस्तू. मॅककॉर्मिक या कंपनीने १९३४ साली हे मिश्रण तयार करून डबीत विकायला आणलं. २००३ साली स्टारबक्सने त्याच चवीची कॉफी काढली आणि मग तो वास तिकडच्या शरद ऋतूलाच चिकटला. वाचून मला बरं वाटलं, कारण पाचातल्या चार वस्तू माझ्या घरात होत्या. आपल्याही शरदात कोजागिरीच्या दुधात जायफळ असतंच. हे दोन दिवसांत जमेल, असं मी धरून चालले.

आधी तयार बाटली मागवली. महाग होती. झाकण उघडून नाकाशी धरली तर लाकडाच्या भुशासारखा वास, मागे किंचित दालचिनी. दुकानदाराशी बोलण्यात अर्थ नव्हता, तारीख अजून उलटलेली नव्हती. पण दळलेल्या मसाल्याची खरी तारीख नाक सांगतं. दालचिनी-लवंगेचा वास त्यांच्या उडणाऱ्या तेलात असतो, आणि पूड झाली की ते तेल चारी बाजूंनी हवेला उघडं पडतं. ती बाटली बाजूला ठेवली आणि पिशवी घेऊन निघाले.

रविवार कारंज्याहून भद्रकालीकडे जाताना मसाल्यांची आणि काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ घेतलं आणि ऑलस्पाइस आहे का म्हणून विचारलं. "म्हणजे कबाबचिनी ना ताई? आहे की," म्हणत काकांनी पुडी बांधली. घरी येऊन उघडली तर मिरीसारखे दाणे, पण प्रत्येकाला बारीकशी शेपटी. एक दाणा दाताखाली धरला तर तोंडात कापरासारखा गारवा, मागाहून कडवटपणा. हे तर कंकोळ! त्रयोदशगुणी विड्यात पडतं तेच. काकांनी फसवलं नव्हतं. कबाबचिनी हे नाव आपल्या बाजारात या दोन्ही वस्तूंना लावतात, त्यामुळे हा घोटाळा कुणाचाही होऊ शकतो. खरा ऑलस्पाइस म्हणजे मूळ जमैका आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाची, कच्ची असताना तोडून वाळवलेली फळं. दाणा मिरीपेक्षा थोडा मोठा आणि तपकिरी, डोक्यावर बारीक कडं असतं, शेपटी नसते. तुम्ही आणायला गेलात तर आधी शेपटी बघा.

ऑलस्पाइस नसेल तर काय करायचं, याचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं: एक चमच्याला अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, पाव चमचा जायफळ. मी तसंच केलं. मूळ मापं होती दालचिनी तीन मोठे चमचे, सुंठ आणि जायफळ प्रत्येकी दोन चहाचे चमचे, ऑलस्पाइस आणि लवंग प्रत्येकी दीड. ऑलस्पाइसच्या जागी बदली घातल्यावर लवंग जवळजवळ दोन चमचे झाली. सगळं ताजं दळलं, पहिला लोफ भाजला. भट्टीतून वास घरभर पसरला आणि देवघरातून सासूबाईंनी विचारलं, "अगं, आज मसालेभात का? नैवेद्याला काही सांगितलं नाहीस."

त्या एका वाक्याने मला पुढचा सगळा रस्ता दाखवला. मी केक चाखून बघितला. जिभेचं टोक बधिर झालं होतं, दाढ दुखताना लवंगेचा बोळा धरल्यावर होतं तसं. गोड लागत होता, पण मसालेभातच होता तो.

मग मी लवंगेबद्दल नीट वाचलं. लवंगेच्या कळीत वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के तेल असतं. दालचिनीच्या सालीत ते फार तर तीन-चार टक्के. म्हणजे एक चमचा लवंग एक चमचा दालचिनीला सहज गिळून टाकते. लवंगेच्या तेलात बहुतेक भाग युजेनॉलचा असतो. ऑलस्पाइसचा वासही मुख्यतः युजेनॉलचाच आहे, म्हणून बदली म्हणून लवंग सुचवतात. ते चूक नाही. पण मापं देणारी माणसं डबीतली, महिनोन्‌महिने ठेवलेली पूड धरून मापं देतात. आपण अख्खी लवंग आणून त्याच दिवशी दळतो.

दुसरं कारण नाकाचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लवंग आणि दालचिनी एकत्र भाजल्याचा वास आपल्या नाकाने लहानपणापासून भात, आमटी, भरल्या वांग्यांबरोबर घेतलेला आहे. अमेरिकेतल्या मुलाने तोच वास साखर-लोण्याबरोबर घेतलेला. त्यामुळे जे प्रमाण तिकडे गोडाचं वाटतं ते इथे तिखटामिठाचं वाटतं. सासूबाईंचं नाक चुकत नव्हतं. मला असा मसाला करायचा होता की त्या मुलांना त्यांचा ऑक्टोबर मिळेल आणि आमच्या घरात कुणाला मसालेभात आठवणार नाही.

दुसऱ्या खेपेला लवंग एकदम कमी केली. मिश्रण जरा मुकं वाटलं म्हणून अर्धा चमचा वेलची घातली. वास सुंदर आला, पण तो थेट शिऱ्याचा. बासुंदी, शिरा, पुरण, सगळं आठवलं. केक आठवला नाही. वेलची आपल्याकडे इतकी मिठाईची झाली आहे की चिमूटभर जास्त झाली तरी बाकी कुणाला बोलू देत नाही. तेव्हापासून माझ्या वहीत दोन टोकं लिहिलेली आहेत. लवंग पुढे आली की मसालेभात, वेलची पुढे आली की शिरा. मधल्या पट्ट्यात दालचिनी आणि सुंठ पुढे ठेवायची, जायफळ त्यांच्या मागे, लवंग सगळ्यात शेवटी आणि वेलची या मसाल्यात नाहीच.

तिसऱ्या खेपेपासून चमचे सोडले आणि छोट्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजायला लागले. चमच्यात पूड किती दाबून भरली यावर सगळं अवलंबून असतं. लवंगेच्या बाबतीत हा फरक परवडत नाही.

दालचिनीवर मला वाटलं त्याहून जास्त दिवस गेले. किराणा दुकानात जी मिळते ती बहुतेक जाड सालीची, एकच वळी असलेली, लालसर आणि तिखट: कॅशिया. दुसरी सिलोनची. पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरली जाते. सिलोन महाग, म्हणजे चांगली, असा हिशेब करून मी लोफमध्ये ती घातली आणि नमुना ताईंकडे पाठवला. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, "छान आहे, पण तो नाहीये." मी परत शोधलं. अमेरिकेत दालचिनी म्हणून जी पूड सर्रास विकली जाते ती कॅशियाच असते. म्हणजे त्या मुलांच्या आठवणीतला वास आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या जाड सालीचा होता! सिलोनचा वास नाजूक, थोडा लिंबाकडे झुकणारा. दुधात, खिरीत ती फार गोड लागते. गूळ आणि डांगराच्या सोबतीत दबून जाते.

कॅशियात कूमारिन नावाचा घटक जास्त असतो आणि रोज भरपूर खाल्लं तर तो काहींच्या यकृताला त्रास देऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठेवलेली आहे. दिवाळीच्या आसपास केकचे दोन तुकडे खाण्याने घाबरायचं कारण नाही, पण घरात लहान मुलांना रोज दालचिनीचं दूध देत असाल तर त्यासाठी सिलोनच वापरा. मी आता दोन भाग कॅशिया, एक भाग सिलोन घेते. धारही राहते आणि शेवटी जिभेवर खरखर राहत नाही.

ऑलस्पाइसचं कोडं सुटलं ते इंदिरानगरच्या मावसबहिणीच्या गच्चीत. तिच्याकडे मोठ्या कुंडीत एक झाड आहे, ती पुलावाला त्याची दोन पानं घालते. तिला मी माझी कहाणी सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, हे ऑलस्पाइसच आहे की. नर्सरीवाल्याने तेच नाव सांगितलं होतं." पान चुरगाळलं आणि मी तिथेच खाली बसले. लवंग, दालचिनी, जायफळ, तिन्ही एका पानात, आणि वर हिरवा टवटवीतपणा. फळं तिच्या झाडाला कधीच आली नाहीत. या झाडात नर-मादी वेगळी असतात, त्यामुळे एकट्या झाडाकडून फळांची आशा धरू नये. पण पानं बारमाही.

पानं सावलीत वाळवून दळून बघितली. पूड खरखरीत झाली आणि लोफला करडी झाक आली, म्हणून ते सोडलं. मग साधीच गोष्ट केली. डांगराचा गर मंद आचेवर आटवताना त्यात तीन ताजी पानं टाकली आणि शेवटी काढून घेतली, खिरीत तमालपत्र टाकून काढतो तशी. लवंगेने जे जमलं नव्हतं ते पानांनी जमवलं. गोलाई आली, आणि जीभ बधिर झाली नाही. ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी बदलीच्या नावाखाली लवंग वाढवू नये, त्याऐवजी चिमूटभर जायपत्री घालावी.

दळण्याची कृती मी आता अशी करते. दालचिनी खलबत्त्यात आधी फोडते, नाहीतर मिक्सरचं पातं सालीवर नुसतं नाचतं. फोडलेले तुकडे आणि लवंगा ऑक्टोबरच्या उन्हात तासभर ठेवते. ऊन नसेल तर कोमट तव्यावर अगदी मिनिटभर, फक्त दमटपणा जाण्यापुरते. गोडा मसाला करताना आपण तेलावर खमंग परततो, ती सवय इथे आवरावी लागते. हा मसाला पुढे भट्टीत पाऊण तास भाजला जाणारच आहे. आधी परतला तर तो गोडातून निघून स्वयंपाकात जातो. सुंठ अख्खी घेतली तर चुनखडीची पांढरी पूड अंगावर नसलेली घ्यावी. तिच्यात धागे फार असतात, म्हणून वेगळी कुटते. ओलं आलं हा तिला पर्याय नाही, कारण आलं वाळताना त्यातल्या तिखट घटकाचं रूप बदलतं आणि सुंठेची ऊब जास्त खोल लागते. जायफळ मिक्सरला देत नाही. ते तेलकट असल्यामुळे भांड्याला लगदा चिकटतो. बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळतात ते ओलं, म्हणून इथे उपयोगाचं नाही. बारीक किसणीवर किसते. नखाने ओरखडा काढल्यावर तेल चमकलं तर जायफळ चांगलं.

मिक्सर थांबत थांबत, दोन-दोन सेकंद. भांडं गरम झालं की वास स्वयंपाकघरात राहतो आणि मसाल्यात कमी उरतो. दळण्याआधी त्याच भांड्यात मूठभर तांदूळ फिरवून टाकून देते. चौथ्या खेपेला हे विसरले होते तर अख्ख्या लोफला कांदा-लसूण मसाल्याची झाक आली आणि तो लोफ कुणालाही देता आला नाही. शेवटी वस्त्रगाळ. मैद्याच्या चाळणीतूनही दालचिनीची बारीक कुसळं खाली येतात आणि मऊ केकमध्ये ती दाताला कळतात. मलमलच्या फडक्यातून गाळलेली पूड अत्तरासारखी बसते.

वजनं अशी ठरली: दालचिनी ३० ग्रॅम, सुंठ ८ ग्रॅम, जायफळ ६ ग्रॅम, लवंग २ ग्रॅम. पानं नसतील तर जायपत्री १ ग्रॅम. २५० ग्रॅम मैद्याच्या लोफला दोन सपाट चहाचे चमचे.

मसाला कधी घालायचा हे मला शरणपूरच्या एका ख्रिस्ती काकूंनी शिकवलं. त्या दरवर्षी नाताळचा केक करतात. मी मैद्यात मसाला चाळून घालत होते. त्यांनी लोणी कोमट पातळ केलं, त्यात मसाला टाकला, झाकून दहा मिनिटं ठेवला. "फोडणीत हिंग तेलात घालतेस ना? मग इथे कोरडा का?" त्या म्हणाल्या. या सगळ्या मसाल्यांचा वास तेला-तुपात उतरतो, पाण्यात फारसा नाही. इतकी वर्षं रोज फोडणी करूनही हे मला केकच्या बाबतीत सुचलं नव्हतं. त्याच काकूंनी अलाहाबादी केकबद्दलही सांगितलं. त्यात बडीशेप, जायपत्री आणि सुंठ पडते, आणि लोण्याऐवजी तूप. मुरवलेला पेठाही. तो मी अजून केलेला नाही, यंदा डिसेंबरात करणार आहे.

डांगराबद्दल थोडंसंच. वाफवून गर पुरचुंडीत बांधून रात्रभर टांगते, श्रीखंडाच्या चक्क्यासारखा. मगच पानं घालून आटवते. ब्राउन शुगरऐवजी काळसर गूळ. तिकडच्या केकमध्ये काकवीसारखी खोली असते, ती गुळाने येते.

आठव्या लोफला ताईंचा मोठा मुलगा स्वतः घ्यायला आला होता. दारातच त्याने डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि आईला फोन लावून इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला. मला त्यातलं "येस" एवढं नीट ऐकू आलं. आतून सासूबाई बाहेर आल्या, त्यांनीही वास घेतला. "आता केकचा आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला ज्या दोन माणसांचं हो हवं होतं ती दोघंही एकाच उंबऱ्यावर उभी होती.

त्यानंतर हा मसाला बाकी ठिकाणीही वापरून बघितला. हिमाचलची सफरचंदं बाजारात येतात तेव्हा त्यांच्यासाठी सुंठ आणि लवंग काढून दालचिनी-जायफळ ठेवते, आणि इथे मात्र वेलची थोडी चालते, कारण सफरचंदाचा आंबटपणा तिला शिऱ्याकडे जाऊ देत नाही. गोड पावाच्या कणकेत मसाला मळून घातला तेव्हा ती नेहमीच्या वेळेत फुगली नाही; दालचिनी यीस्टला दाबते. आता मसाला लोणी-गुळात कालवून लाटलेल्या पोळीवर पसरते आणि गुंडाळते. नानकटाईला पाव चमचा पुरे. अगदीच अडलं आणि घरात फक्त चहाचा मसाला असेल तर एक भाग चहाचा मसाला आणि तीन भाग दालचिनी घ्या. मिरी फार असेल तर हे करू नका. गरम मसाल्याच्या आणि गोड्या मसाल्याच्या वाटेला जाऊ नका. धणे, दगडफूल, खोबरं कितीही गूळ घातला तरी लपत नाही. धणे गोडात चालतच नाहीत असं मात्र नाही, हॉलंडच्या स्पेक्युलास बिस्किटांच्या मसाल्यात धणे आणि पांढरी मिरी दोन्ही घालतात. पण ते तिथल्या नाकांसाठी बसलेलं प्रमाण आहे.

सासूबाईंनी परवा मला न विचारता घाऱ्यांच्या पिठात चिमूटभर घातला. नेहमी त्या फक्त जायफळ घालतात. घाऱ्या तुपात पडल्यावर सुंठेचा वास आधी आला, मग दालचिनीचा. त्या काही बोलल्या नाहीत, पण बाटली त्यांच्या मिसळणाच्या डब्याशेजारी जाऊन बसली आहे.

ताईंनी यंदा लोफऐवजी नुसता मसाला मागितला, पाव किलो, वर्षभराचा. मी पन्नास ग्रॅमच देते म्हणाले. तीन महिन्यांनी तो भुशाकडे झुकायला लागतो, मग पुन्हा ताजा दळून देईन. काचेची छोटी बाटली, काठोकाठ भरलेली, म्हणजे आत हवा कमी. वर चिठ्ठीवर दळल्याची तारीख. पहिली बाटली कोजागिरीच्या आदल्या दिवशी द्यायची आहे, आणि मावसबहिणीकडून पानं आणायची अजून राहिली आहेत.